पडायची तालीम

निवड्याला पडायला आम्हीच शिकवलं, हे आधीच कबूल करतो.

जन्मापासून आंधळा माणूस. गावच्या बियाण्याच्या गोदामात रोजावर बी निवडायचा, म्हणून निवड्या. पोचट दाणा बोटाला लागला की बाजूला. त्यानं निवडलेली रास आम्ही डोळसही पुन्हा चाळत नसू. पावलं मोजून चालायचा, काठी नाही की ठेच नाही. त्याचा त्याला ताठा होता आणि तो शोभायचाही.

यंदा गोदामात अपंगांसाठी एक कायमची जागा निघाली. डॉक्टरचा दाखला हवा होता. निवड्या गेला आणि सरळ खुर्ची ओढून बसला. डॉक्टर म्हणाले, याला दिसतंय. दिलं हाकलून.

मग आम्ही शेजारी शहाणे झालो. त्याच्या घरापुढच्या खळ्यावर त्याची तालीम घेतली. उंबऱ्याला अडखळ, खुर्ची चाचपड, पाण्याचा पेला लवंड. त्याची थोरली बहीण दाराआड डोळे पुसत होती. त्याला काही जमेना, तसा मी खेकसलो.

"सारा जन्म न पडायला शिकण्यात गेला रे," तो म्हणाला. "एका दिवसात कसं विसरू?"

दुसरी तपासणी गोदामातच झाली. निवड्या दारात असा आपटला की कपाळ फुटलं. डॉक्टरांनी सही केली. आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसलं.

गोदामाच्या मुकादमानं दाखला वाचला. "हा सपाट दारात पडतो. चाळणीच्या यंत्रापाशी याला कोण सांभाळणार?"

"एवढी वर्षं इथंच काम करतोय की तो," मी म्हणालो.

"रोजावर होता. तेव्हा जबाबदारी माझी नव्हती."

माझं डोकं फिरलं. बोलून गेलो, "साहेब, तो मुद्दाम पडलाय."

डॉक्टरांनी हात पुढे केला, दाखला परत घेतला आणि फाडला. निवड्या कपाळाला फडकं दाबून उभा होता.

जागा मुकादमाच्या मेव्हण्याला मिळाली. त्याची अर्धी करंगळी तुटलेली आहे. त्याला बी निवडता येत नाही, म्हणून पोती निवड्याच्या ओसरीवर येतात, पहिल्यापेक्षा कमी मजुरीत.

परवा पाहिलं, निवड्या भिंत धरून, चाचपडत पोत्यांपाशी येत होता. म्हटलं, आता कशाला रे ते नाटक?

"नाटक नाही," तो म्हणाला. "आता पडायची भीती वाटते."