पहिल्या पावाचा तुकडा

अकरा वर्षं मी बेकरीत पीठ मळते आहे, आणि त्यातले चार महिने मी पावाचा कणही पोटात जाऊ दिला नव्हता. हे अक्कल गहाण ठेवल्याचं लक्षण आहे हे मला आता कळतं. तेव्हा मला अक्कल कमी होती आणि माझ्या धाकट्या जावेला फार होती.

तिची पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी तीन. डॉक्टरांनी तिला पाव, भात, साखर कमी करायला सांगितलं. तिने केलं, वजन उतरलं आणि वर्षाच्या आत दिवस राहिले. आनंदच आहे. पण बाळाच्या आधी तिला डॉक्टरकी झाली. लग्नाला सहा वर्षं होऊन मला मूल नव्हतं, म्हणजे मी तिची पहिली पेशंट. तिने एक यादी लिहून माझ्या फ्रिजवर चिकटवली. पाव बंद, भात बंद, बटाटा बंद, केळंसुद्धा बंद. तिने स्वतः नुसतं कमी केलं होतं, पण मी पस्तिशीला टेकलेली, म्हणून मला सगळंच बंद. माझी पाळी अगदी तारखेला यायची आणि वजनही बेताचंच होतं, पण ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला मूल हवं होतं. कुणी भिंतीवर डोकं आपट म्हटलं असतं, तर मी कुठली भिंत एवढंच विचारलं असतं.

अडचण फक्त बेकरीत होती. आमच्याकडे रिवाज आहे की भट्टीतून पहिला पाव निघाला की तो कापायचा, आणि ज्याने पीठ मळलं त्याने सगळ्यांसमोर पहिला तुकडा खायचा. तो म्हणाला ‘छान’, की मगच माल दुकानात जातो. पीठ मळणारी मी. मग मी तुकडा गालात धरायची, ‘छान’ म्हणायची आणि सगळ्यांची पाठ वळताच रुमालात काढून एप्रनच्या खिशात टाकायची. चार महिने हा चोरटा धंदा बिनबोभाट चालला. घरी अंडी, मासे, कोबी आणि काकडी. काकडी इतकी, की नवरा फ्रिज उघडताना, परक्याच्या घरात शिरावं तसा, आधी खोकायचा.

तिसऱ्या महिन्यात पाळी आली नाही.

सासूबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं आणि त्या मला खुर्चीवरून उठू देईनात. जावेने आपल्या बाळाचे लहान झालेले कपडे धुऊन, इस्त्री करून पाठवले. मी तपासणीची पट्टी आणली. एकच रेघ. आठवड्याने दुसरी आणली, तीही तशीच. सासूबाई म्हणाल्या, पट्ट्या हल्ली निकृष्ट येतात. चौथ्या महिन्यातही पाळी नाही आणि रेघही एकच. मी न्हाणीघरात बसून ती पट्टी उजेडाकडे धरून पाहायची, तिरकी करून पाहायची. दुसरी रेघ दिसावी म्हणून मी किती वेळ तिथे बसले ते सांगायला लाज वाटते. हात गार पडायचे, केस गळायचे, डोकं जागेवर नसायचं.

अशाच एका दिवशी मी पिठात मीठ घालायला विसरले. भट्टीवाले काका म्हणाले, आज रंग फिका आलाय. मी त्यांच्यावर खेकसले, तुकडा गालात धरला आणि ‘छान’ म्हटलं. दुपारपर्यंत दीडशे पाव परत आले.

मालकीणबाईंनी एक चावून पाहिला आणि मला समोर उभं केलं.

“सकाळी चव कुणी घेतली?”

“मी.”

त्यांची नजर माझ्या एप्रनच्या फुगलेल्या खिशावर गेली. “खिसा रिकामा कर.”

रुमालातून लगदा निघाला. खिशाच्या शिवणीतून गेल्या आठवड्याचे वाळलेले तुकडेही निघाले. मला वाटलं, नोकरी गेली. मी रडत रडत सगळं सांगितलं: यादी, पाळी, पट्ट्या, कपडे. मालकीणबाई तीन मुलांची आई. त्यांनी यादी लिहिणारीचा असा काही उद्धार केला की काकांनी भट्टीचं दार उघडून त्यात डोकं घालायचंच बाकी ठेवलं. मग त्यांनी स्वतः मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, आणि काल काय काय खाल्लं ते विचारलं. मग कामाचं विचारलं. आठ तास उभं राहून पीठ मळते म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“जावेचा आजार वेगळा, तिला कमी खाऊन फायदा झाला. तुम्हाला तो आजारच नाही. शरीराला वाटतंय, हिला स्वतःलाच पुरत नाही, ही आणखी एक जीव कशावर पोसणार? म्हणून त्याने पाळी थांबवली. पोटभर जेवा. पाव खा, भात खा. पाळी परत आली की मुलाचं बोलू, तेव्हा तुमच्या नवऱ्यालाही तपासू.”

नवऱ्याला तपासायचं सहा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

घरी आल्याबरोबर मी यादी फाडली. जाऊ रुसली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, कारण हातचा नातू मी पावासाठी घालवला असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्यासमोर बसून भात खाल्ला.

दोन महिने गेले. एका सकाळी पीठ मळता मळता ओटीपोटात कळ आली. मी आत जाऊन पाहिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. सहा वर्षं दर महिन्याला याच गोष्टीसाठी मी दार लावून रडले होते. आज हसू आवरेना. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि बाहेर फक्त काका होते, साठीचे, मिशीवाले, बायकांसमोर चहासुद्धा पाठ फिरवून पिणारे.

“काका, मला पाळी आली.”

काकांनी चटकन तोंड भट्टीकडे वळवलं. मग त्यांनी पहिला पाव बाहेर काढला आणि सुरी घेतली. तुकडा रोजच्या दुप्पट जाड कापला, त्यावर लोणी थापलं आणि माझ्या हातात दिला.

“गिळेपर्यंत मी इथून हलणार नाही,” ते म्हणाले.