नव्या नमुन्याचा पाळणा

अकोल्यात केशवराव धर्माधिकाऱ्यांच्या कारखान्यात बादल्या आणि घमेली व्हायची, पण नाव झालं ते लोखंडी पाळण्यानं. दोन्ही बाजूंना गोल गज, वर मोरांची जोडी, आणि घडी घालून भिंतीला टेकवून ठेवता येईल असा. अमरावतीत नारायण नावाचा दुकानदार तो विकायचा. बारशाला मामाकडून धर्माधिकाऱ्यांचाच पाळणा यावा, अशी दोन्ही गावांत रीतच पडली होती. बासष्ट साली केशवरावांनी पाळणा उचलायला हलका व्हावा म्हणून गज थोडे कमी केले. बायकांना तो फार आवडला.

त्याच वर्षी त्यांची मुलगी कुंदा बाळंतपणाला माहेरी आली. एका सकाळी ती न्हायला गेली असताना तिच्या आईला, गोदावरीबाईंना, पाळण्यातून घुसमटल्यासारखा आवाज आला. धावत जाऊन बघतात तो नात गजांमधून पायाकडून खाली घसरलेली. अंग सगळं बाहेर लोंबतंय आणि डोकं आत अडकलेलं. बाईंनी तिला खालून उचलून धरलं, केशवरावांनी गज वाकवला. पोरगी निळी पडली होती. मग रडली, आणि घरातले सगळेच रडले.

केशवरावांनी त्याच दिवशी पाळण्यांचं काम बंद केलं. एवढं त्यांनी बरोबर केलं.

"लोकांना सांगायला हवं," गोदावरीबाई म्हणाल्या.

"सांगतो ना. बदलून देतो सगळ्यांना."

"का बदलायचा, ते सांगणार ना?"

केशवराव उठून अंगणात गेले. वडील गावातले नावाजलेले वकील, आपण नागपुरात शिकून आलेलो, आणि आपल्या हातच्या पाळण्यात पोराची मान अडकते हे चार माणसांत कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी गज पुन्हा दाट लावून पाळणे करवून घेतले आणि अकोल्यात आणि अमरावतीत टांग्यावर भोंगा लावून पुकारा करवला : धर्माधिकारी पाळण्याचा नवा नमुना आला आहे, जुना आणा, नवा घेऊन जा, एक पैसाही पडणार नाही. गोदावरीबाईंनी खिडकीतून तो पुकारा ऐकला आणि खिडकी लावून घेतली.

हौशी लोक आले. पुष्कळसे आले नाहीत. केशवराव मनाला समजावत राहिले, येतील हळूहळू.

पावसाळा सरता सरता नारायण स्वतः अकोल्याला आला. कारखान्यात न बसता उभ्याउभ्याच म्हणाला, "केशवराव, आपल्या पाळण्यात एक पोरगी अडकली. फुलवाल्या शकुनची. दवाखान्यात आहे."

केशवराव मिळेल त्या गाडीनं निघाले. बडनेऱ्याला उतरून अमरावतीपर्यंत टांगा केला. शकुन आणि तिचा नवरा उत्तमराव गावाबाहेर झेंडू-शेवंतीचा मळा करत. ती देवीच्या देवळापाशी हार विकायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून बसली होती, पोरगी मांडीवर. गळ्यावर काळानिळा वळ. श्वास घेताना पोरीच्या घशातून घरघर यायची.

केशवरावांनी नाव सांगितलं. शकुननं वर पाहिलं.

"पाळणेवाले तुमीच का?"

"हो."

"आमचा पाळणा जुना नव्हता हो. माह्या भावानं बारशाले आणला होता. भोंग्यावर म्हणत, नवा नमुना आला. मी म्हटलं, याले काय झालं? भावानं हौसेनं देल्ला, तो काहून बदलाचा?" मग हळूच म्हणाली, "तुमाले ठाऊक होतं का, असं होते म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. उत्तमराव शेजारी उभा होता, त्याच्याही तोंडावर 'नसेल ठाऊक' असाच भाव होता.

"होतं. माझ्याच नातीचं झालं होतं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

शकुन ओरडली नाही. तिनं पोरीच्या अंगावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मान अडकते म्हणाले असते, तं त्याच दिवशी उकिरड्यावर फेकला असता मी." मग तिनं तोंड फिरवलं. उत्तमराव म्हणाला, "आता जा तुमी." केशवरावांना रस्त्यावर येईपर्यंत मान वर करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत टांग्यात भोंग्यापाशी ते स्वतः बसले. भर बाजारात, देवळासमोर, आपल्याच आवाजात सांगत गेले : "मी केशवराव धर्माधिकारी. माझ्या पाळण्याच्या गजांतून मूल खाली घसरतं आणि मान अडकते. मूल आत्ताच बाहेर काढा. गादी-उशा कोंबून वापरू नका. खाली सतरंजीवर निजवा. पाळणा कोणाला देऊ नका, विकू नका. दिला असेल तर आज जाऊन सांगा. गज वाकवून मोडून टाका, नाहीतर माझ्याकडे आणा." पहिल्या चौकातच माणसं दुकानांतून बाहेर येऊन बघत होती. कुणीतरी म्हणालं, "पोरं मारून राहिला अन् भोंगा लावून सांगून राहिला!" त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अकोल्यात तर ओळखीचेच चेहरे. वडिलांचे जुने पक्षकार मान खाली घालून निघून गेले.

त्या संध्याकाळपासून पाळणे यायला लागले. टांग्यातून, सायकलवरून, डोक्यावरून. जे आले नाहीत त्यांच्या मागं केशवराव दारोदार फिरले. चांदूर बाजारच्या एका बाईनं बहिणीला दिलेला, बहिणीनं नणंदेला; तो चिखलदऱ्याला सापडला, त्यात कोंबडीची पिल्लं. तिथेच दगडानं ठेचून त्यांनी तो मोडला.

शकुनची पोरगी वाचली. आवाज मात्र घोगरा राहिला. केशवराव एकदा मळ्यावर गेले, तेव्हा शकुननं त्यांना पाणी दिलं, बसा म्हटलं नाही.

दोन-तीन पाळण्यांचा पत्ता कधीच लागला नाही. सरकारी नोकरीतली बदलीवाली माणसं, कुठं गेली कोण जाणे. केशवराव परगावी गेले आणि एखाद्या घरातून पाळण्याची करकर ऐकू आली, की दारात उभे राहून विचारायचे, "बाई, पाळणा लोखंडी आहे का?" एकदा आतून एक म्हातारी कावून बाहेर आली. "तुमाले काय कराचं?" केशवरावांनी टोपी काढली आणि आपलं नाव सांगायला सुरुवात केली.