अव्वल कारकुनाचा कौल

ओलेत्याने गंगाराम देवीपुढे उभा होता. हातात तबक, तबकात तांबडी फुलं, आणि मागे सभामंडपात सगळा गाव श्वास रोखून बसलेला. सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर मामलेदार. देवीसमोर खुर्ची मागायची छाती या एकाच गृहस्थाची.

खाडीवरच्या नव्या धक्क्याला रस्ता हवा होता आणि मध्ये देवीची राई आडवी येत होती. गाव म्हणालं, देवीचा कौल घ्या. मूर्तीवर लावलेलं उजवं फूल आधी पडलं तर खुशाल झाडं तोडा, डावं पडलं तर पुन्हा नाव काढू नका.

गंगाराम याच मामलेदारांच्या कचेरीत अव्वल कारकून. थोरला भाऊ वारला आणि चौऱ्याऐंशीच्या शिमग्यात गुरवकी त्याच्याकडे आली, तेव्हा त्याच्याहून जास्त आनंद साहेबांनाच झाला. देवळात आपला माणूस बसला! काल त्यांनी त्याला बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, डावं फूल जरा घट्ट चिकटवा, बाकी देवी बघून घेईल. गंगाराम ‘होय साहेब’ म्हणाला. एकवीस वर्षांत जिभेला दुसरी सवयच नव्हती.

पण इथे हात उचलेना. कुठलं फूल दाबायचं हे हाताला कळून चुकलं होतं. त्याला लाज वाटली, मग राग आला. आधी स्वतःचा, मग त्या खुर्चीचा. तो गावाकडे वळला.

“मी कौल लावनार नाय. कंचं फूल पडायला हवं ता सायबांनी मला काल सांगितलानी. हा हात बाटलाय.”

मंडपात कुजबूज उठली. मामलेदार जवळ आले आणि हळूच म्हणाले, “गंगाराम, नोकरी किती राहिली तुमची?”

“चार वर्सं, सायेब. ठेवलीत तर तीबी करीन. पन आज हिची चाकरी हाय.”

त्याने तबक खाली ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. कौल लावायचा मान दुसऱ्या कुणाला नव्हता, त्यामुळे त्या दिवशी राई तोडायला आणलेले कोयते तसेच परत गेले. म्हातारा मानकरी काशीराम त्याच्या शेजारी येऊन टेकला.

पंधरा दिवसांत निलंबनाचा हुकूम आला. शिपाई धोंडू मान खाली घालून पोच मागत होता. गंगारामने चष्मा लावून हुकूम शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. खाली हुद्द्यासाठी जागा सोडली होती. तिथे त्याने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं : गुरव.