प्रिन्सचा हवापालट

अंजूरच्या गुणाबाईने आजवर पुष्कळ पाहुण्यांना जेवू घातलं होतं, पण कुत्र्यासाठी राहतं घर रिकामं करायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली ती त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर. निमित्त काळूरामचं. काळूराम तिच्या शेजारचा; टेम्पोतून भाजी घेऊन लालबागला जायचा. तिथे गिरणीसमोरच्या चाळीत खोपकर नवरा-बायको त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक. त्यांचा प्रिन्स नावाचा पांढरा, केसाळ कुत्रा वर्षभर खोकत होता. जनावरांच्या डॉक्टरने शेवटी सांगितलं, "औषधं पुरे झाली. याला या धुरातून बाहेर काढा, खेड्यात नेऊन ठेवा." माथेरानच्या हॉटेलवाल्यांनी कुत्रा म्हटल्यावर हात जोडले. मग काळूराम म्हणाला, "आमच्या अंजूरला या की. कुडाचं घर हाय, खाडीचा वारा हाय. कोन बी न्हाय म्हननार न्हाय."

नाही म्हणायला गुणाबाई होतीच. तिच्या घरात कुत्रं कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

"चुलीपाशी कुत्रं? देवाच्या फळीखाली कुत्रं?" तिने विचारलं.

"साधं कुत्रं न्हाय वहिनी, आजारी हाय," काळूराम म्हणाला, आणि भाड्याचा आकडा सांगितला. आकडा ऐकून गुणाबाईचा नवरा कोंडू पडवीतून उठून आत आला. आला तो खोकतच. कोंडू शहरात, निजामपुऱ्याच्या एका कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा. सुताचा भुगा नाकातोंडात जाऊन त्यालाही दोन वर्षं खोकला होता. धामणकर नाक्यावरचा डॉक्टर दर वेळी तीच लाल औषधाची बाटली द्यायचा आणि वर म्हणायचा, "लूमवाले सगळे खोकतात, घाबरू नका."

गुणाबाईने घर सारवलं, देव उचलून काळूरामच्या घरी ठेवले, आणि नवरा-बायकोने आपलं बस्तान गोठ्यात बैलांशेजारी हलवलं.

खोपकर आले. खोपकरबाई सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चालल्या आणि म्हणाल्या, "किती गार वाटतं नाही!" प्रिन्सची गादी आतल्या खोलीत पडली, जिथे वारा सरळ यायचा. खोपकरसाहेबांच्या वाट्याला ओटीवरची खाट आली. संध्याकाळी बाईंनी कोंडूला बोलावलं.

"कोंडूभाऊ, गावातली कुत्री प्रिन्सच्या अंगावर येतात हो. तुम्ही याला रोज सकाळ-संध्याकाळ खाडीवर फिरवून आणाल का? त्याचे पैसे वेगळे देऊ."

"माजी ड्युटी हाय बाई, कारखान्यात."

"महिनाभर सुट्टी नाही का मिळणार?"

सुट्टी मिळत नव्हती, पण बदली माणूस देता येत होता. कोंडूने आपल्या जागी चुलतभावाला धाडलं आणि स्वतः हातात काठी घेऊन साखळीला बांधलेल्या प्रिन्सच्या मागे खाडीकडे चालू लागला. विहिरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांतली हौसा तर मोठ्याने म्हणाली, "कोंडूदादा, तू कुत्र्याला नेतोस का कुत्रं तुला?"

कोंडूला शरम वाटली. गुणाबाईलाही वाटली. पण करणार काय?

बाईंनी ठरवलेलं पथ्य कडक होतं. प्रिन्सला तेलकट नाही, आंबट नाही, धूर नाही. बकरीचं दूध, मऊ भात, हळद. दुपारी झाडाखाली झोप. फिरवणारा माणूस सोबत बसायला हवा, म्हणून कोंडूही दुपारी झाडाखाली बसायचा आणि बसल्या बसल्या आडवा व्हायचा. बकरीचं दूध उरलं की गुणाबाई ते कोंडूला द्यायची, टाकणार कुठे? असे बरेच दिवस गेले.

एका सकाळी खोपकरबाई अंगणात टाळ्या वाजवत आल्या. "ऐकलंत का गुणाबाई? चार दिवसांत प्रिन्स एकदाही खोकला नाही! औषधाचा एक थेंब नाही. नुसती हवा!"

गुणाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिने गोठ्याकडे पाहिलं. कोंडू बैलांना वैरण घालत होता आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होता. तो शेवटचा कधी खोकला हे तिला आठवेना.

"बाई," तिने हळूच विचारलं, "मान्सांना बी चालतं का हे औषध?"

"कोणतं?"

"हवेचं."

बाई हसल्या. "अहो, माणसाला सवय होते. आम्ही नाही का राहत गिरणीसमोर?"

मग बाईंनी आनंदाने सांगितलं की प्रिन्स बरा झाला, आता येत्या रविवारी निघायचं.

ते ऐकल्यापासून गुणाबाईच्या डोक्यात भुंगा शिरला. कुत्रं गेलं की कोंडू लूमवर जाणार, आणि लूमवर गेला की खोकणार. म्हणजे कुत्र्याने थोडं आजारी राहायला हवं. आयुष्यात तिने मुंगीवर पाय दिला नव्हता, पण त्या दुपारी कोंडूला डुलकी लागलेली पाहून तिने वाडगाभर आंबट ताक प्रिन्सपुढे ठेवलं आणि दाराआड उभी राहिली. प्रिन्सने वाडगा चाटूनपुसून साफ केला. दुसऱ्या दिवशी तोच तिच्या पदराला नाक लावत ताक मागायला आला. तिने सुकटीचं कालवण घातलेला भातही देऊन पाहिला. तोही त्याने मिटक्या मारत खाल्ला. रविवारपर्यंत त्याच्या गळ्यातला पट्टा एक भोक ढिला करावा लागला.

"गावचं पाणी मानवलं बघा," खोपकरसाहेब म्हणाले. टेम्पोत बसताना बाईंनी गुणाबाईचे दोन्ही हात धरले. "तुम्ही त्याचं पोटच्या पोरासारखं केलंत!" गुणाबाईला कुठे पाहावं कळेना.

सोमवारी कोंडू डबा घेऊन निजामपुऱ्याला निघाला, तोही खुशीत. "तिथं चार मानसं भेटतात, चाय होते," तो म्हणाला. "खाडीवर कुत्र्याशी काय बोलायचं?"

पौषात खोकला परत आला. गुणाबाईने पहिले काही दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी तिने डबा भरलाच नाही. कोंडू चपला घालून वाट बघत उभा.

"डबा?"

"आज न्हाय. उद्या बी न्हाय. काळूरामच्या म्हशी चारायला मानूस पायजे, मी तुमचं नाव सांगून आलेय."

"लूमवाला मानूस म्हशी चारनार? मजुरी अर्धीच येल. गाव हसेल."

"कुत्रं चारलंत तवा बी हसलंच ना गाव?"

कोंडू कुरकुरत का होईना, म्हशी घेऊन गेला. काळूराम लालबागहून निरोप आणायचा: प्रिन्स मजेत आहे, खोपकरसाहेबांना मात्र आताशा ठसका लागतो, डॉक्टरने बाटली दिलीय. गुणाबाई म्हणाली, "त्यांना घेऊन या की. घर देईन." काळूरामने विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, नुसत्या माझ्यासाठी एवढा खर्च कशाला?

कोंडूचा खोकला फाल्गुनापर्यंत पार गेला. म्हशींबद्दलची त्याची कुरकूर मात्र गेली नाही. रोज संध्याकाळी पाय धुऊन पानावर बसला की तो दिवसभराचं गाऱ्हाणं खणखणीत आवाजात, एकदाही न थांबता सांगायचा, आणि गुणाबाई त्याला वाढत राहायची.