तपासणीच्या दिवशीची सहल

तपासणीचे साहेब येणार त्या दिवशी शोभनाला सहलीला पाठवायचं ठरलं. अजमानच्या त्या शाळेची ही पद्धतच होती, आणि पद्धत म्हटल्यावर तिच्यात कुणाला वावगं दिसत नसे. ज्या शिक्षकांकडे शिकवायचं लायसन्स नाही ते आणि ज्या मुलांना काही येत नाही ती, अशा सगळ्यांना एकाच बसमध्ये भरून समुद्रकाठच्या कॉर्निशवर न्यायचं. त्यांच्या जागी दुबईच्या थोरल्या शाखेतून लायसन्सवाले शिक्षक येत. मालक एकच, पाटीवरचं ‘इंटरनॅशनल’ही तेच, तिकडे फी तेवढी चौपट.

शोभना मराठी घेऊन बी.ए. झालेली. शाळेत लागली होती ती लायब्ररी असिस्टंट म्हणून. मग गणिताचे सर जास्त पगारावर खलिफा सिटीतल्या एका शाळेत निघून गेले, आणि उपप्राचार्या शहनाझ मॅडम लायब्ररीत येऊन म्हणाल्या, “शोभना, आप तो खाली ही बैठी हो. सातवी का मॅथ्स ले लो. टेम्पररी.”

त्या टेम्पररीला आता आठ महिने झाले होते.

सातवीत तिची स्वतःची मुलगीही होती, आभा. स्टाफच्या मुलांना निम्मी फी, म्हणून ती तिथे. मागच्या चाचणीत आभाला वीसपैकी चार मार्क मिळाले. शिकवलं शोभनानं, पेपर काढला शोभनानं, तपासलाही तिनंच. त्यामुळे ते चार मार्क नेमके कुणाला पडले, हे त्या दिवसापासून तिला कळत नव्हतं.

धडा समीकरणांचा होता. बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की अधिकचं उणे होतं, एवढं शोभनाला पाठ होतं. का होतं, ते तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. तरी मुलांना पटावं म्हणून तिनं आपलं एक उदाहरण दिलं, “आपण इंडियातून इकडे आलो ना, तसं. पलीकडे गेलं की बदलतं.”

मागच्या बाकावरची सोनम उभी राहिली. “बट मिस, व्हाय डिड वी बिकम मायनस?”

शोभनानं तिला खाली बसायला सांगितलं.

सहलीला न्यायच्या मुलांची यादी शोभनालाच करायची होती. सहाच्या खालचे सगळे. सोनमला पाच होते. तिनं सोनमचं नाव लिहिलं. आभाला चार होते. तिनं पेनचं टोपण लावलं. एक दिवस तरी पोरगी खऱ्या शिक्षकासमोर बसू दे. पण मग दुसराच घोळ डोक्यात शिरला. उद्या आभाला समजलं, तर इतके दिवस चुकत होतं ते आईचं. नाही समजलं, तर पोरगीच ढ. यातलं काय झालेलं आपल्याला बरं वाटेल, हे तिला काही केल्या ठरवता येईना.

शहनाझ मॅडमनी यादीवर नजर फिरवली. “आभा नहीं है इसमें?”

“मॅडम, वो बोलती नहीं ज्यादा. क्वाएट है.”

“गुड. क्वाएट इज गुड.”

सकाळी बसपाशी ड्रायव्हर गनीभाई स्वागताला उभा. “यल्ला मॅडम, सैर को! इस साल बच्चे ज्यादा हैं.”

“टीचर भी ज्यादा हैं, गनीभाई,” शोभना म्हणाली आणि खिडकीजवळ बसली.

कॉर्निशवर मुलं हुंदडली. समुद्राला काही विशेष काम नसावं, तो नुसता पसरलेला होता. सोनम ज्यूसचं पाकीट चोखत शेजारी येऊन बसली.

“मिस, आय गॉट फाइव्ह. आभा गॉट फोर.”

“हं.”

“देन व्हाय ॲम आय हिअर?”

“तुला समुद्र आवडत नाही का गं?”

“आय लाइक इट,” सोनमनं शांतपणे सांगितलं. “आय केम लास्ट इयर ऑल्सो.”

संध्याकाळी घरी शोभना चहा टाकताना पाठमोरीच म्हणाली, “काय मग, कसे होते सर?”

“तन्मय सर? वेट.” आभानं दोन वाट्या घेतल्या, चणे घेतले आणि हिंगाची रिकामी डबी घेतली. एका वाटीत तीन चणे आणि ती डबी. दुसऱ्या वाटीत सात चणे. “दोज आर इक्वल, ओके? डबीत किती आहेत ते आपल्याला माहीत नाही, असं समज. नाऊ टेक थ्री फ्रॉम हिअर. मग इकडूनही थ्री काढायचे, नाहीतर इट वोन्ट बी इक्वल. राहिले फोर. दॅट्स इट. पलीकडे काही जातच नाही, मम्मा. नोबडी गोज एनीव्हेअर.”

शोभनाला ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ओट्याशी उभ्याउभ्या समजलं. आनंद झाला. मग तो कशाचा झाला याचा विचार करायला गेली, तोवर चहा उतू गेला.

“आणि डबीच्या जागी तीन डब्या असल्या तर?”

“देन द बेल रँग. सर म्हणाले, युवर टीचर विल कंटिन्यू टुमॉरो.”

“साहेबांनी काही विचारलं का तुला?”

“ही आस्क्ड, हू टीचेस यू मॅथ्स. आय सेड तन्मय सर. शहनाझ मॅमनी तेच सांगायला सांगितलं होतं.”

“शाब्बास,” शोभना म्हणाली. नेमकं कशाबद्दल म्हणाली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

“मम्मा,” आभानं एक चणा तोंडात टाकला, “इन्स्पेक्शन रोज नाही का येऊ शकत?”

दुसऱ्या दिवशी शोभना पर्समध्ये दोन वाट्या, चणे आणि हिंगाची डबी घेऊन वर्गात गेली. सगळ्यात आधी तिनं सोनमला पुढे बोलावलं. सोनमनं इकडचे तीन काढले, जरा थांबली, मग न सांगता तिकडचेही तीन काढले. उरलेल्या चार चण्यांकडे ती बराच वेळ बघत राहिली.

“धिस इज ऑल?”

“एवढंच.”

“मिस, यू न्यू धिस?”

पहिल्या बाकावर आभानं एकदम वहीत डोकं खुपसलं. हो म्हणावं, तर मग आठ महिने काय केलं? नाही म्हणावं, तर मग इथे उभी कशाला?

“कालच समजलं,” शोभना म्हणाली.

सोनमच्या कपाळावर आठी पडली. “बट मिस, येस्टरडे यू वेअर विथ अस.”