पडद्याआडचे ठोके

नंदुरबारला माघात मिरच्या वाळत पडल्या की अख्खं गाव शिंकतं. त्यामुळे मिरचीचे व्यापारी धर्मचंद यांची बायको लाडकंवर खोकायला लागली, तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही. पोटात सातवा महिना, पहिलंच बाळंतपण, अंगणभर मिरच्यांचे ढीग. खोकणार नाही तर काय करणार?

डॉक्टर दाबक्यांना बोलावलं ते धर्मचंदांच्या हट्टापायी. डॉक्टर मुंबईत शिकलेले, दवाखाना नवाकोरा. कानाला नळी लावली की माणूस आरपार दिसतो अशी त्यांची खात्री, आणि नाडी वगैरे वैद्यांनी बघावी असं त्यांचं मत. पण या घरची सून परपुरुषासमोर येत नसे. खोलीत आडवा पडदा बांधला होता. डॉक्टरांनी नळीची चकती पडद्याखालून आत दिली आणि ती छातीवर कुठे धरायची ते सांगत गेले. आतून सासूबाईंचा, कंकुबाईंचा आवाज येत गेला, "हां, ठेवं."

ठोके ठणठणीत होते. झडपा मिटल्याचे दोन स्वच्छ आवाज, मध्ये कुठे खरखर नाही.

"मिरचीचा ठसका आहे," डॉक्टर म्हणाले. "सूनबाईंना माडीवर हलवा. वर धूळ कमी."

लाडकंवर माडीवर गेली. स्वयंपाक खाली, पाणी खाली. दिवसभर तो उभा जिना ती चढत-उतरत राहिली. लवकरच तिला आडवं होता येईना. गाद्यांना टेकून, बसूनच झोपू लागली.

डॉक्टर पुन्हा आले. पडद्याखालून तिची पावलं दिसत होती, सुजलेली, तोरड्या मांसात रुतलेल्या. घाईघाईने त्यांनी नळी लावली. ठोके तसेच, ठणठणीत.

"नाडी बी देखा ना, डाक्टरसाहेब," कंकुबाई म्हणाल्या. "आमना वैद्य पहिले हात धरस."

डॉक्टर मनात हसले, पण पडद्याबाहेर आलेला हात त्यांनी धरला. हात गार होता. नाडी धावत होती, अडखळत होती, मध्येच एखादा ठोका गाळून पुन्हा पळत होती. कानात मात्र सगळं संथ चाललं होतं. एकाच माणसाचं हृदय आणि नाडी अशी दोन वाटांनी जात नाहीत.

"कंकुबाई, चकती कुणाच्या छातीवर आहे?"

कानातले ठोके एकदम धडधडू लागले. बोटांखालची नाडी होती तशीच राहिली.

"मन्ही छातीवर," कंकुबाई पुटपुटल्या. "परका माणूसना कानमा सूननं काळीज कसं जाऊ देऊ? बाईनं काळीज सारखंच ना, साहेब?"

डॉक्टरांना भयंकर राग आला, बाईचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. लाडकंवरला जिन्यावर त्यांनीच चढवलं होतं.

"तिच्या छातीवर ठेवा. आत्ताच्या आत्ता."

चकती सरकली. आधी फुप्फुसांत साचलेल्या पाण्याची बुडबुड, मग त्या बुडबुडीखाली एक जड घरघर.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

"हां." लाडकंवरचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. तेवढ्या शब्दानेही तिला धाप लागली.

त्या तापाने हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप चिकटत गेली होती, फट तेवढी उरली होती. रक्त पुढे सरकत नव्हतं, मागे फुप्फुसांत तुंबत होतं. पोटातलं मूल वाढेल तसा हृदयावरचा भार वाढणार होता. औषधं त्यांच्या पेटीत होती, पण झडप उघडणारं त्यात काही नव्हतं, आणि त्या काळी मुंबईतही नव्हतं. बाळंतपणाच्या कळा या हृदयाला सोसवणार नाहीत हे त्यांना लख्ख कळलं.

"आते बरोबर ठेवं ना?" कंकुबाईंनी विचारलं. "ठीक शे ना मन्ही पोर?"

डॉक्टरांनी कानातली नळी काढली नाही. काढली असती तर उत्तर द्यावं लागलं असतं.

लाडकंवरला ते कळलं. तिची बोटं वळली आणि तिने त्या परक्या पुरुषाचा हात घट्ट धरला. पडदा हलला. कंकुबाईंनी ते पाहिलं, आणि हात सोडवला नाही.