तड्याची परतफेड

मी एक जुनी बॅडमिंटनची रॅकेट आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझ्या पोटात राग आहे. इतर जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना डोळे पुसतात. मी नाही पुसणार. माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला एक तडा आहे, त्यावर काळा दोरा गुंडाळून घट्ट चिकटवलाय. तो एकदा नीट बघा, मग ऐका.

कारखान्यात काळ्या चिवट पट्ट्या साच्यात घालून मला भाजून काढलं. रंग दिला, भोकं पाडली, तिथून थेट मामाच्या दुकानात. मामा म्हणजे माझ्या मालकाचा सख्खा मामा, खेळाच्या सामानाचं दुकान त्याचं. भाचा आला, मला हातात घेऊन हवेत सप्पकन फिरवलं आणि म्हणाला, "मामा, हीच." मी हुरळून गेले. मला काय माहीत, लग्नाच्या दिवशी सगळेच गोड बोलतात.

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये त्याला सगळे तोफखाना म्हणायचे. त्याचा स्मॅश असा की समोरचा पोरगा शटल परतवायच्या ऐवजी डोकं झाकायचा. लोक मला हातात घेऊन बघायचे, "काय रॅकेट आहे यार" म्हणायचे. रात्री मी त्याच्या उशाशी. त्याची धाकटी बहीण नुसता हात लावायला आली तरी ओरडायचा, "ए शेपूट, ठेव खाली." सतत दादाच्या मागे मागे असायची म्हणून ती शेपूट.

पण मित्रांनो, आतली गोष्ट सांगू? हा खेळ हाताचा आहे असं बघणाऱ्याला वाटतं. साफ खोटं. हा खेळ मांड्यांचा आहे. पुढे वाकून नेटजवळचं उचला, लगेच उलट्या पावलांनी मागे पळा, उडी मारा, परत मधे या, आणि हे श्वास परत यायच्या आत. छाती भात्यासारखी चालते, पोटरीत गोळे येतात. आणि तरी डोकं थंड पाहिजे, कारण मघाशी चुकलेला शॉट डोक्यात बसला की पुढचे तीन तोच खातो. तोफखाना पायांचा सराव कधी करायचाच नाही. "एका स्मॅशमध्ये काम होतं, पळायचं कशाला?"

मग एकदा एक काटकुळा पोरगा समोर आला. स्मॅश मारला की परत. मारला की परत. दुसऱ्या गेमला आमच्या साहेबांची जीभ बाहेर. शेवटचं शटल अगदी हळू आलं, एखादं लहान मूलही मारेल असं, आणि याचे पाय पोचलेच नाहीत. मी काय करू? मला पाय आहेत का? तर याने मला उचललं आणि फरशीवर आपटलं. कट्ट असा आवाज झाला. आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रॅकेटच भिकार आहे."

मोडल्याचं सोसलं असतं हो. आळ नाही सोसला. त्याच क्षणी ठरवलं, बाळा, तुला सोडणार नाही.

बाकाखाली धूळ खात पडले होते, तिथून शेपटीने मला काढलं. फ्रॉकला पुसलं आणि मामाकडे घेऊन गेली. मामाने तडा चाचपला. "बांधून देतो. पण गटिंग, म्हणजे तारांची जाळी, घट्ट करता येणार नाही हिचं. तारा ताणल्या की ही परत तुटणार. सैल करून देऊ?"

"सैल म्हणजे वाईट का रे मामा?"

"स्मॅश जोरात नाही बसणार. पण शटल झोळीतून उडाल्यासारखं लांब जाईल. कुठे जाईल ते तुझं तू बघ."

बरोबर तेव्हाच तोफखाना आला, दोन नव्या कोऱ्या रॅकेटी निवडून म्हणाला, "मला एकदम टाइट करून दे. सैल तारांनी पोरी खेळतात." मामा म्हणाला, "टाइट तार लवकर तुटते रे, आणि हात दमला की शटल पोचत नाही." पण ऐकेल तो तोफखाना कसला.

मग सुरू झाली आमची तालीम. पहिले काही आठवडे शेपटीचं प्रत्येक शटल कोर्टाबाहेर. ती रडायची, मी आतल्या आत शिव्या द्यायचे, तिला नाही, त्याला. पण पोरगी चिकट. दोरीवरच्या उड्या मारायची, जिना वरखाली पळायची, घरात आई "फरशी फोडशील" म्हणाली तरी शटलशिवाय चार कोपरे पळायची. आणि एक बारीकशी सवय तिने लावून घेतली. पॉइंट गेला की माझ्या तारा बोटांनी सरळ करायची, एक एक. तेवढ्यात तिचा श्वास खाली यायचा आणि गेलेला पॉइंट डोक्यातून जायचा.

आता खरी गंमत. हॉलमध्ये शिकवणाऱ्या मॅडमची सकाळची तुकडी होती, तिथे शिकलेली पोरं पुढे मोठ्या स्पर्धांना जायची. त्यात जागा उरली एक. मॅडम म्हणाल्या, "दोघं भाऊबहीण आहात ना? खेळा आपसात. जिंकेल तो सहा वाजता हजर."

तोफखाना हसला. "मॅडम, हिला रडवू का उगीच?"

"पाय दमले की बोल," मॅडम म्हणाल्या.

पहिला गेम त्याने धूळधाण करत घेतला. माझा तिळपापड. मार गं त्याच्या तोंडावर, असं मी ओरडत होते, पण तिला कुठे सूड हवा होता, तिला सहा वाजता यायचं होतं. तिने फक्त तारा सरळ केल्या. आणि दुसऱ्या गेमपासून शटल उंच, लांब, पार मागच्या रेषेवर. मग एक हळूच नेटजवळ. मग परत मागे. मी झोळी झाले, मित्रांनो. तिने जरासं मनगट हलवावं आणि मी शटल दुसऱ्या टोकाला पोचवावं. तो पळतोय, वाकतोय, गुडघ्यावर हात ठेवतोय. दुसरा गेम आमचा.

तिसऱ्यात त्याचा हात जड झाला. त्या टाइट तारांतून शटल अर्ध्या कोर्टात पडायला लागलं. तिने ते खाली दाबलं. त्याने पंचांकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, बुटाच्या नाडीकडे बघितलं. आणि मग जीव खाऊन एक स्मॅश मारला, आणि फट्ट. तार तुटली.

"दुसरी घे," मॅडम म्हणाल्या.

तो पिशवीपाशी गेला आणि तसाच उभा राहिला. दुसरी त्याने मागच्याच आठवड्यात आपटली होती. मग तो बाकांवर बसलेल्या मित्रांकडे वळला. "ए, तुझी दे ना एक गेमपुरती."

मित्राने पिशवीची चेन ओढली. "नको रे बाबा. तू आपटतोस."

पुढच्याने आपली रॅकेट मांडीखाली घातली. तिसरा पाणी प्यायला उठून गेला. अख्ख्या हॉलमध्ये तोफखान्याला कुणी रॅकेट देईना, आणि त्याच्या स्वतःच्या रॅकेटींपैकी धड उभी असलेली एकच, तीही समोर बहिणीच्या हातात. आहाहा. याच क्षणासाठी मी जगले होते.

शेवटी शिकाऊ पोरांसाठी ठेवलेली एक लोखंडी, जडशीळ रॅकेट मिळाली. खेळला बिचारा. बिचारा मी म्हणत नाही, लोक म्हणाले. शेवटचं शटल हळू आलं, अगदी त्या दिवसासारखं, आणि त्याचे पाय याही वेळी पोचले नाहीत. त्याचा हात वर गेला. मग त्याने तो आपणच खाली आणला, कारण रॅकेट त्याची नव्हती.

थोड्या वेळाने तो बाकावर आमच्याशेजारी येऊन बसला. मला हातात घेतलं. किती दिवसांनी ते ओळखीचं बोट माझ्या तारांवरून फिरलं.

"गटिंग सैल आहे हिचं," तो म्हणाला. "म्हणून एवढं लांब जात होतं."

"हो. टाइट केलं तर तुटेल, मामा म्हणाला."

"का?"

शेपटीने टॉवेलमधून तोंड बाहेर काढलं. "का ते तूच सांग ना, दादा."

त्याचं बोट सरकत सरकत तड्यावर आलं आणि तिथेच थांबलं.

मी त्याला माफ केलं का? नाही. तो आता रोज संध्याकाळी चार कोपरे पळतो, पळू दे. माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. हरलात तर मांड्यांना विचारा, श्वासाला विचारा, डोक्याला विचारा. हातातल्या वस्तूवर आळ घेऊ नका आणि तिला आपटू तर मुळीच नका. आम्हाला बोलता येत नाही. पण तुम्ही दिलेला तडा आम्ही जपून ठेवतो, आणि एखाद्या दिवशी तोच घेऊन नेटच्या पलीकडे उभ्या असतो.